विटकरी दोन, पिवळी एक

"कोणती औषधं चालू आहेत?" असं डॉक्टरांनी विचारलं की आतड्याच्या दाहाचा आजार असलेला चौदा वर्षांचा मुलगा आईकडे बघतो. आई पर्समधून झिपची पिशवी काढते, टेबलावर पट्ट्या मांडते आणि घडाघडा सांगते. ही सकाळी दोन, ही रात्री एक, हे पावडरचं पाकीट फक्त रविवारी. मुलालाच विचारलं तर तो म्हणतो, "विटकरी दोन, पिवळी एक." तसं पाहिलं तर त्याचं चुकलेलं नाही. रोज तळहातावर जे येतं ते त्यानं बरोबर सांगितलं. पण पुढच्या महिन्यात मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली आणि गोळीचा रंग बदलला, की त्याच्याजवळची सगळी माहिती निकामी होते. मग जुन्या पट्टीतली उरलेली आणि नव्या पट्टीतली अशा दोन्ही गोळ्या काही दिवस पोटात जातात. औषध एकच, नावं दोन, डोस दुप्पट.

आतड्याच्या दीर्घकाळच्या दाहाचे मुख्य आजार दोन, अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स. पहिल्यात सूज मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरती असते आणि गुदाशयापासून वर चढत जाते. दुसऱ्यात ती तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकते आणि आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांत उतरते. आपल्याकडे निदानापर्यंत पोचायलाच फार वेळ जातो. रक्त पडतं म्हणून मूळव्याधीचं मलम होतं, आव पडते म्हणून जंतांचं आणि अमिबाचं औषध होतं. क्रोन्स असेल तर पुष्कळदा टीबीचा कोर्सही होऊन जातो, कारण लहान आतड्याच्या शेवटाचा टीबी आणि क्रोन्स हे दुर्बिणीतूनही आणि तुकडा तपासूनही एकमेकांसारखे दिसतात. एवढं सगळं होऊन आजाराला नाव मिळतं तेव्हा घर दमलेलं असतं. मुलाला "पोटाला सूज आहे, गोळ्या घेतल्या की बरं वाटेल" एवढं सांगून विषय मिटवला जातो. त्या दिवशी ते समजण्यासारखं आहे. पण चार वर्षांनी तो अकरावीला पुण्याला किंवा लातूरला होस्टेलवर निघतो, तेव्हाही त्याला तेवढंच माहीत असेल, तर आपण मोठ्यांनी त्याच्यावर अन्याय केला आहे.

या वयातल्या रुग्णांना औषधांबद्दल विचारलं की उत्तरांची एक उतरंड दिसते. परदेशातल्या बालरुग्णालयांनी नीट विचारून पाहिलं तेव्हाही तीच दिसली. औषधाचं नाव बहुतेकांना येतं. किती आणि कधी घ्यायचं, इथे बरेच अडखळतात. दुष्परिणाम कोणते आणि त्यातला कोणता दिसला की लगेच फोन करायचा, हे थोड्यांनाच सांगता येतं. आपण मात्र नावावरच खूश होतो. मुलीनं "अझाथायोप्रिन" न अडखळता म्हटलं की तिला सगळं कळलं असं धरून चालतो. मला वाटतं, नावाच्या पुढे तीन गोष्टी यायलाच हव्यात. मिलिग्रॅम किती, ही गोळी नेमकं काय करते, आणि कधी थांबून विचारायचं. यातली मधली गोष्ट पक्की झाली की बाकीच्या दोन्ही लक्षात राहतात.

मेसालामाइनचंच बघा. कोलायटिसच्या बहुतेक मुलांच्या पिशवीत ते असतं. हे औषध रक्तात शिरून काम करत नाही, आतड्याच्या सुजलेल्या अस्तराला आतून लागून करतं. म्हणजे ते थेट मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला हवं. त्यासाठी गोळीवर असं वेष्टन चढवलेलं असतं, की जठराच्या आम्लात ते टिकतं आणि लहान आतड्याच्या शेवटाला, जिथे सामू 7 च्या आसपास जातो, तिथे विरघळतं. आता मुलाला मोठी गोळी गिळता येत नाही म्हणून घरात काय होतं? गोळी खलबत्त्यात कुटली जाते आणि मधातून चाटवली जाते. वेष्टनाचा चुरा झाला. औषध वरच्या आतड्यातच शोषलं गेलं आणि लघवीवाटे निघून गेलं. सूज होती तिथे जेमतेम काही पोचलं. महिन्याभरानं घर म्हणतं, "हे औषध लागू पडत नाही," आणि प्रकरण स्टिरॉइडवर जातं. खलबत्त्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं, आईनंही सांगितलेलं नसतं, कारण तिच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. गोळी जात नसेल तर याच औषधाचे दाणे पाकिटात मिळतात. जिभेवर टाकायचे आणि पाण्याबरोबर गिळायचे, चावायचे नाहीत, कारण औषध हळूहळू सुटावं अशीच त्या बारीक दाण्यांची घडण असते. शौचात कधी गोळीचं रिकामं टरफल दिसलं तर घाबरू नये. अख्खीच्या अख्खी गोळी वरचेवर दिसू लागली तर मात्र डॉक्टरांना सांगावं.

औषध जागेवर पोचायला हवं, हे वैद्यकालाही सावकाशच कळलं. स्वीडनच्या डॉक्टर नाना स्वार्ट्झ यांनी 1940 च्या सुमारास सांध्यांच्या आजारासाठी सल्फा आणि सॅलिसिलेट यांची सांगड घातली. त्या सल्फासलाझिननं कोलायटिसच्या रुग्णांनाही गुण येऊ लागला. दोघांतलं काम करतं कोण, हे 1977 मध्ये ऑक्सफर्डला आझाद खान, पिरिस आणि ट्रुलव्ह यांनी दाखवलं. त्यांनी अख्खं औषध आणि त्याचे दोन्ही भाग वेगवेगळे करून रुग्णांना एनिम्यातून दिले. सल्फाच्या भागाचा फारसा उपयोग झाला नाही, गुण आला तो दुसऱ्या भागानं. तो दुसरा भाग म्हणजेच मेसालामाइन. सल्फा नुसतं वाहन होतं, आणि ती जोडणी मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडत होते. सल्फासलाझिन स्वस्त आहे म्हणून आजही दिलं जातं. त्यानं लघवी केशरी होते. हे आधी सांगितलं नाही तर मूल घाबरून गोळी बंद करतं आणि कुणाला सांगतही नाही. त्याच्याबरोबर फॉलिक ॲसिड घ्यावं लागतं. मुलग्यांमध्ये शुक्रजंतूंची संख्या घटते, औषध थांबवल्यावर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. नाहीतर तो ते मोबाइलवर अर्धवट वाचतो, घाबरतो आणि मनात ठेवतो.

मेसालामाइनचा एनिमा हा त्याहून अवघड विषय. सूज गुदाशयात आणि डाव्या बाजूच्या आतड्यात असेल तर तोंडाच्या गोळीला एनिम्याची जोड दिल्यानं नुसत्या गोळीपेक्षा जास्त गुण येतो. तरी या वयात सर्वांत आधी बंद होतो तो एनिमाच. लाज वाटते, खोलीत भाऊ झोपलेला असतो, चादरीवर डाग पडतात. म्हणून कृती एकदा शांतपणे, कारणांसकट समजावावी. 60 मिलिलिटरच्या बाटलीत 4 ग्रॅम औषध असतं. रात्री झोपण्यापूर्वी शौचाला जाऊन यावं. बाटली कोमट पाण्यात धरून अंगाइतकी ऊबदार करावी, कारण गार द्रव आत गेला की आतडं आकसतं आणि सगळं लगेच बाहेर येतं. औषध तळाशी बसतं, म्हणून नीट हलवावी. डाव्या कुशीवर झोपावं, उजवा गुडघा पोटाशी घ्यावा. शेवटचं आतडं डाव्या बाजूनं खाली येतं, त्यामुळे या कुशीवर द्रव आपसूक वर सरकतो. टोकाला थोडी जेली लावून बाटली सावकाश दाबावी, मग निदान अर्धा तास तसंच पडून राहावं. सूज जास्त असताना पहिल्या काही रात्री पाच-दहा मिनिटांतच बाहेर येईल. तो मुलाचा दोष नाही, सूज उतरली की धरवतं. हवा लागली की औषध तपकिरी होतं आणि डाग धुऊन जात नाही. एक जुनी गडद चादर वेगळी काढून ठेवली की निम्मा संकोच कमी होतो.

आता सगळ्यात मोठ्या अडचणीकडे येते. मुलाला बरं वाटू लागतं. रक्त थांबतं, वजन वाढतं, तो क्रिकेट खेळायला जातो, आणि आठवड्यातून दोन-तीन गोळ्या पिशवीतच राहतात. हट्ट म्हणून नव्हे. डोकं दुखलं की गोळी, थांबलं की बंद, हाच औषधाचा अर्थ त्याला घरात शिकवलेला असतो. कौलं वैशाखात शाकारतात, आषाढात पाणी गळायला लागल्यावर नव्हे, हे ज्या घरात सगळ्यांना कळतं तिथेही औषधाच्या बाबतीत उलटंच चालतं. अस्तरातली सूज लक्षणांच्या आधी सुरू होते. विष्ठेतल्या कॅलप्रोटेक्टिन या सूज दाखवणाऱ्या प्रथिनाची तपासणी त्यासाठीच करतात. तो आकडा 150 ते 250 च्या वर गेला की पोट दुखत नसलं तरी डॉक्टर सावध होतात. हा आकडा मुलाला दाखवावा. "औषध घे, नाहीतर बघ" या धमकीपेक्षा दोन रिपोर्ट शेजारी ठेवून तीन महिन्यांतला फरक दाखवला तर चौदा वर्षांच्या मुलाला नीट समजतं.

स्टिरॉइडची गोष्ट वेगळी, कारण तिथे विसरणं थेट जिवावर येऊ शकतं. प्रेडनिसोलोन साधारणपणे वजनाच्या किलोमागे 1 मिलिग्रॅम, बहुधा 40 मिलिग्रॅमच्या मर्यादेत, सकाळी नाश्त्यानंतर एकदाच देतात. दोन-तीन आठवड्यांनी पायरीपायरीनं कमी करत बहुधा दोन ते तीन महिन्यांत थांबवतात. सकाळीच का, तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड सकाळीच जास्त स्रवतं, आणि रात्री घेतलं तर झोप उडते. या काळात चेहरा गोल होतो, मुरुमं येतात, भूक आवरत नाही, चिडचिड होते, रडू येतं. पंधरा वर्षांच्या मुलीला वर्गातल्या एकीनं "किती सुजलीयस" म्हटलं की ती दुसऱ्या दिवसापासून गोळी बेसिनमध्ये टाकते. तिला आधीच सांगायला हवं होतं की हे तात्पुरतं आहे, आणि औषध एकदम बंद केलं तर काय होतं. बाहेरून आयतं स्टिरॉइड मिळत असल्यानं मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींनी आपलं काम थांबवलेलं असतं. त्यांना जाग यायला वेळ लागतो, म्हणूनच डोस पायऱ्यांनी उतरवायचा. एकदम सोडलं तर उलट्या, गळून जाणं, रक्तदाब कोसळणं. याच कारणानं स्टिरॉइडवर असताना जुलाब-उलट्यांनी गोळी पोटात ठरत नसेल तर वाट बघू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावं, आणि गेल्या गेल्या "स्टिरॉइड चालू आहे" हे सांगावं.

उलटी चूकही तितकीच होते. स्टिरॉइडनं आठवड्याभरात गुण येतो म्हणून उरलेली पट्टी जपून ठेवली जाते, आणि पुढच्या वेळी रक्त दिसलं की घरच्या घरी सुरू होते. असं दोन-तीनदा झालं की उंची मागे पडते, हाडं ठिसूळ होतात आणि आजार आतून पुढे सरकतच राहतो. आजार शांत ठेवण्याचं काम स्टिरॉइड करत नाही. ते आग विझवतं, पहारा दुसऱ्या औषधानं द्यायचा असतो.

पहाऱ्यावर पुष्कळदा अझाथायोप्रिन असतं. वजनाच्या किलोमागे 2 ते 2.5 मिलिग्रॅम. गुण यायला 8 ते 12 आठवडे लागतात, हे माहीत नसलं की महिन्याभरात कंटाळा येतो. डोस वजनावर असल्यामुळे या वयात एक चूक नकळत होते. आजार आटोक्यात आल्यावर मूल भराभर वाढतं, दीड वर्षात 32 किलोचं 48 किलो होतं, आणि गोळी 32 किलोच्या हिशेबाचीच राहते. मग "औषध चालू असूनही आजार उलटला." म्हणून किलो आणि मिलिग्रॅम हे दोन आकडे मुलानं शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. भेटीच्या वेळी त्यानंच विचारावं, वजन वाढलंय, डोस तोच का?

हे औषध पांढऱ्या पेशी घटवू शकतं. भारतीयांमध्ये एनयूडीटी-15 या जनुकातला बदल बराच आढळतो, आणि तो असेल त्याच्या पेशी नेहमीच्या डोसनंही पहिल्या काही आठवड्यांत कोसळतात, केस मुठीनं गळतात. ही जनुकाची तपासणी आता करता येते, शक्य असेल तर औषध सुरू करण्याआधीच करावी. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, सुरुवातीला दर आठवड्या-पंधरवड्याला, पुढे निदान दर तीन महिन्यांनी, बरं वाटत असलं तरी. पहिल्या महिन्यात वरच्या पोटात जोराची कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर तो आजाराचा उद्रेक समजू नये. स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. औषध थांबवून लगेच दाखवावं.

आपल्याकडचा पावसाळा इथे खास अडचणीचा. ऑगस्टमध्ये होस्टेलवरच्या मुलाला ताप येतो. कोपऱ्यावरचे डॉक्टर सीबीसी करतात, पांढऱ्या पेशी 2,200. डेंग्यूतही पेशी घटतातच, त्यामुळे डेंग्यू धरून उपचार सुरू होतात. मुलगा दोन वर्षं अझाथायोप्रिन घेतोय हे तो सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ती "पोटाची गोळी" आहे आणि आलाय तो ताप. गोळी चालूच राहते, पेशी आणखी उतरतात. "माझं औषध प्रतिकारशक्ती कमी करतं, त्यानं पांढऱ्या पेशी घटतात" हे वाक्य त्याला येत असतं तर पहिल्या दिवशीच पोटाच्या डॉक्टरांना फोन गेला असता. ते वाक्य पाठ नको. गोळी काय करते हे कळलं की आपोआप सुचतं.

मेथोट्रेक्सेट हेही पहाऱ्याचंच औषध. त्याबद्दल एकच, पण ठासून. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. 2.5 मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील तर 15 मिलिग्रॅमसाठी सहा गोळ्या त्या एका दिवशी, मग थेट पुढच्या आठवड्यात त्याच वारी. चुकून रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, अस्थिमज्जा बंद पडते, जीव जातो. वार चिठ्ठीवर आणि पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहावा. मुलींना आणखी एक गोष्ट सांगायची असते, की या औषधावर गर्भ राहिला तर त्याला गंभीर व्यंग येऊ शकतं. "आमच्या घरी असलं काही नसतं" म्हणून ही माहिती टाळली जाते. माहिती मुलीची आहे, तिला मिळायलाच हवी.

ज्या गोळ्या चिठ्ठीवर नाहीत त्यांचाही हिशेब हवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची औषधं आतड्याचा आजार पुन्हा भडकवू शकतात. पाळीत पोट दुखतं म्हणून मैत्रिणी जी गोळी सहज पुढे करतात, त्यातलं मेफेनॅमिक ॲसिडही त्याच कुळातलं. ताप आणि अंगदुखीला साधं पॅरासिटामॉल बरं. पण पट्टीची मागची बाजू वाचावी, कारण कित्येक गोळ्यांत त्याच्या जोडीला आयबुप्रोफेन असतं. पाळीच्या दुखण्यासाठी दर महिन्याला काही लागतच असेल तर काय चालेल हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. रक्त पडत असताना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मनानं घेऊ नयेत, सुजलेलं आतडं त्यानं फुगून बसू शकतं. आणि गावाकडून आलेलं चूर्ण किंवा भस्म चालू असेल तर ते लपवायला लागू नये अशी सोय डॉक्टरांनी ठेवावी. अशा काही पुड्यांत शिसं सापडतं, काहींत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. रागावलं की मुलं सांगायचीच बंद होतात.

दाह पेटवणाऱ्या प्रथिनाला अडवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल थोडक्यात. इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून, पहिल्या डोसनंतर दोन आठवड्यांनी, मग पहिल्यापासून सहा आठवड्यांनी, आणि पुढे दर आठ आठवड्यांनी. अडॅलिमुमॅब त्वचेखाली, बहुधा दर दोन आठवड्यांनी. दोन्हींच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करतात, कारण शरीरात निपचित पडलेला टीबी या औषधांनी जागा होतो. पुढेही दोन आठवडे खोकला किंवा संध्याकाळचा ताप राहिला तर सांगायचं. "पैसे जमले की पुढचा डोस" असं झालं की शरीर त्या औषधाविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं, आणि महागडं औषध कायमचं हातचं जातं. पैशांची अडचण डोस चुकण्याआधी सांगावी, चुकल्यावर नको. अडॅलिमुमॅब 2 ते 8 अंशांत ठेवायचं, फ्रिजच्या मधल्या फळीवर, बर्फाच्या कप्प्याशेजारी नाही. गोठलं की फेकायचं. मे महिन्यात एसटीनं अकोल्याला जाताना ते थर्मासच्या पिशवीत न्यावं, बर्फाची थैली आणि डब्याच्या मध्ये जाड रुमाल घालून. यातलं काहीही चालू असताना कांजिण्यांची किंवा गोवराची जिवंत लस देत नाहीत. होस्टेलवर शेजारच्या खोलीत कांजिण्या निघाल्या आणि आपल्याला पूर्वी झालेल्या नसतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

हे सगळं एका बैठकीत देण्यासारखं नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी आठवड्याची सात कप्प्यांची डबी मुलानं भरावी, आईनं नुसती नजर टाकावी. तेराव्या वर्षापासून डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाला मुलानंच उत्तर द्यावं. तो अडखळेल, आईच्या ओठांवर शब्द येतील, तिनं थांबावं. पंधराव्या वर्षी डॉक्टरांनी आईला दहा मिनिटं बाहेर बसवावं. चुकलेल्या गोळ्या, सिगरेट, दारू, मैत्री, हे तिच्यासमोर निघत नाही. गोळी चुकल्याचं मुलानं सांगितलं तर आधी "बरं झालं सांगितलंस" म्हणावं, आणि चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घे, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस, हे सांगावं. मेथोट्रेक्सेट आणि इंजेक्शनांबाबत फोन करून विचारायचं.

होस्टेलच्या सामानात एक कागद असावा. आजाराचं पूर्ण नाव, तो आतड्यात कुठवर आहे, चालू औषधांची मूळ नावं मिलिग्रॅमसकट, याआधी काय दिलं होतं आणि का थांबवलं, कशाची ॲलर्जी, शेवटचं वजन आणि सीबीसी, टीबीची तपासणी कधी झाली, डॉक्टरांचा नंबर. कागदाचा फोटो मोबाइलमध्ये असावा. पट्टी कापताना नाव आणि मुदत छापलेला तुकडा शेवटपर्यंत राहील अशी कापावी.

आणि एक राहिलंच. पट्टीत दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की मेडिकलवाल्याला फोटो टाकायचा, हे आजवर आईच्या मोबाइलवरून होत आलंय. नंबरही तिच्याकडेच. तो नंबर मुलाला द्यावा, आणि घर सोडण्याआधी निदान तीन महिने ऑर्डर त्यानंच टाकावी, रंग न सांगता.